वजन परत करणारा चोर

सगळ्यात आधी माझ्याबद्दल सांगते, कारण पुढे केसच्या गडबडीत माझं कौतुक राहून जाईल, आणि दुसरं कोणी ते करेल अशी परिस्थिती नाही.

या गल्लीतली पहिली, एकमेव आणि मावशीच्या मते शेवटची गुप्तहेर म्हणजे मी. वय सोळा. नाक तीक्ष्ण, डोळे त्याहून तीक्ष्ण, जीभ कशी आहे ते मावशीला विचारा. नुसत्या पावलांच्या आवाजावरून मी माणूस ओळखते. परवाच दाराकडे पाठ करून सांगितलं, "येतोय तो इसम लंगडा आहे, घाईत आहे आणि त्याच्या मनात पाप आहे." आली ती शेळी. पण लंगडत होती की नाही? आणि मनात पाप नव्हतं म्हणता, तर मुळ्याची जुडी कुठे गेली?

शाळा मी नववीत सोडली. तिथे गणिताची उत्तरं पुस्तकाच्या मागेच छापलेली असतात. ज्या केसचा निकाल आधीच लागलाय, त्यात माझ्यासारखीनं डोकं कशाला घालायचं?

मला सगळे ठिणगी म्हणतात. का म्हणतात, असं एकदा एकानं विचारलं होतं. आता नाही विचारत.

तर केस.

मावशीची खानावळ आहे. पुढे बाकडी, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे काकांची पावाची भट्टी, आणि जिन्याखाली एक गार अंधारी कोठी. काका म्हणजे मावशीचे यजमान. जगात दोन गोष्टींना घाबरतात : पीठ न फुगण्याला आणि मावशी फुगण्याला.

हमरस्त्यावर मोठं दुकान निघालं तेव्हापासून मावशीची गिऱ्हाइकं तिकडची डबाबंद भाजी गरम करून खायला लागली. मावशी चार दिवस गप्प होती, हेच मुळात धोक्याचं. पाचव्या दिवशी दारावर खडूनं लिहिलं : "सुट्टीचं मोठं जेवण आमच्याकडे. ताटातला प्रत्येक पदार्थ चालत जाऊन आणता येईल इतक्या जवळचा. लांबून आलेलं काहीही मिळणार नाही." पाव काकांचा, पीठ नाल्यापलीकडच्या चक्कीचं. बटाटे, पालेभाजी आणि अळंबी मागच्या मळ्यातली. सफरचंदाचा रस टेकाडावरच्या बागेतला. मध मधमामांचा. मिठाचं काय, असं मी विचारलं, तर मावशी म्हणाली, "समुद्र जवळ नाही यात माझा काय दोष?" आणि मीठ माफ झालं.

राहिलं चीज. आणि चीज आसपास एकच बाई करते. शेळीकाकू.

इथे जरा बसून ऐका, कारण गुंता इथेच आहे. शेळीकाकू ही मावशीची थोरली जाऊ. तिच्या घरापासून मावशीच्या घरापर्यंत एका दमात पळत जाता येतं, मी जाते. पण दोघी तीन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण लोणी. काकूनं लोणी दिलं, मावशी म्हणाली वजनात कमी आहे, काकू म्हणाली तुझ्या तराजूच्या पारड्याखाली कणीक चिकटलीय, मावशी म्हणाली तुमची वजनं झिजलीत, काकू म्हणाली जीभ तेवढी झिजत नाही कोणाची. लोणी खाऊन झालं, पचलं, भांडण राहिलं.

बोलत नव्हत्या म्हणजे एकमेकींशी. माझ्याशी बोलायच्या. एकाच खोलीत बसून.

"ठिणगे, त्यांना सांग, चहा घ्या म्हणावं."

"ठिणगे, तिला सांग, साखर कमी घाल म्हणावं."

"सांग म्हणावं, आमच्याकडे साखर जेवढी आहे तेवढीच आहे."

आणि मी मधे, डावीकडे मान, उजवीकडे मान. तीन वर्षं! मोठी गुप्तहेर मी, पण या घरात माझं खरं काम टपालाचं. ही दोघींची कट्टी सुटली तर माझी मान सुटणार होती. त्यामुळे मावशीनं स्वतः होऊन "त्यांना विचार, सुट्टीच्या जेवणाला चीजची ढेप देतील का," असं म्हटलं, तेव्हा मी वाटेत एकदाही न थांबता पळाले.

काकू शेळीच्या खुरात अडकलेला खडा काढत होती. खाली बघूनच म्हणाली, "देईन. पण वजन करून. आणि जेवायला बोलावणार का, ते विचार."

मी आल्या पावली परत पळाले. मावशी चुलीकडे तोंड करून म्हणाली, "बोलावलं नाही तर लोक काय म्हणतील? सांग, या म्हणावं. माझ्या शेजारी पान मांडीन. पण वजन करूनच."

आता वजन कशानं करायचं? मावशीची वजनं काकूला चालेनात, काकूची मावशीला. काकांनी हळूच सुचवलं की विश्वासावर घ्या. दोघींनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते पीठ चाळायला निघून गेले. शेवटी मीच तोडगा काढला. समोरच्या जिन्याखाली इस्त्रीवाले दादा बसतात. त्यांची ती जुनी, कोळशाची, लोखंडी, दांड्यावर पितळी कोंबडा असलेली इस्त्री आहे ना, ती ना मावशीची, ना काकूची. ती उचलून आणायची, एका पारड्यात इस्त्री, दुसऱ्यात ढेप. लोखंड झिजत नाही, लोखंड लाच खात नाही, लोखंडाला जाऊ नसते.

तो सोमवार होता. दादांची सुट्टी. ते बिचारे बनियनवर बसून कांदा कापत होते. म्हणाले, "ने, पण परत आण. आणि अगं, एक—"

"आणते, आणते," म्हणत मी निघाले होते.

भिंतीला टांगलेल्या मोठ्या तराजूत एकीकडे इस्त्री बसली, दुसरीकडे पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली ढेप. दांडी डुलली, डुलली आणि थांबली. सरळ रेषेत! काटा मधोमध. जणू ढेप आणि इस्त्री एकाच आईच्या.

"त्यांना सांग," मावशी म्हणाली, "बरोबर आहे म्हणावं."

"तिला सांग," काकू म्हणाली, "माझं नेहमीच बरोबर असतं."

ठरलं असं, की ढेप पुढच्या आठवड्यातल्या जेवणापर्यंत कोठीत मुरणार. किल्ली मावशीकडे, कुलूप काकूचं. आणि मधे कोणी तोंड मारू नये म्हणून दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी दोघींसमोर इस्त्रीशी वजन. याला म्हणतात घरोबा.

बुधवारी सकाळी कुलूप उघडलं. मी इस्त्री आणली, ढेप चढवली. आणि ढेपेचं पारडं वर गेलं.

खोलीत अशी शांतता पसरली की भट्टीत पाव फुगताना ऐकू येईल.

"त्यांना विचार," मावशी म्हणाली, "हे काय म्हणावं?"

"तिला विचार," काकू म्हणाली, "किल्ली कोणाकडे होती म्हणावं?"

मी ढेपेकडे दोन कांदे टाकले तेव्हा कुठे दांडी सरळ झाली. म्हणजे दोन कांद्यांएवढं चीज गायब. मी फडकं सोडलं. ढेप गुळगुळीत, गोल, अखंड. ना काप, ना भोक, ना दात. कुलूप शाबूत. कोठीला खिडकी नाही. आतून चीज गेलं, पण ढेपेतून बाहेर आलं नाही.

मला आनंदाच्या उकळ्या फुटायला लागल्या. असली केस माणसाला जन्मात एकदा मिळते.

"वाळली असेल गं," काका दारातून म्हणाले. "चीज वाळतं. पाणी उडतं."

"भावजी, तुम्ही पावाचं बघा," काकू म्हणाली. "मी हे चीज लहानपणापासून करतेय. वाळून उडालं तर लसणीच्या पाकळीएवढं उडेल. दोन कांदे? आणि दोन दिवसांत?"

झालं. निसर्ग सुटला. आता फक्त माणसं उरली.

माझा पहिला तर्क उंदराचा. साधा नाही, शिकलेला. खालून पोखरायचं आणि वरून साल नीट लावून ठेवायची. तपासासाठी मी मावशीची स्वेटरची सुई आणली आणि ढेपेत खुपसणार, इतक्यात काकूनं माझं मनगट धरलं.

"टोचून बघ. मग मी तुला टोचते."

उंदीर निर्दोष सुटला.

दुसरा तर्क काका. माणूस रात्री उठतो, भट्टी पेटवायला म्हणतो, पण पेटवतो का नुसती? दुसऱ्या दिवशी मी पिठाच्या पोत्यामागे दबा धरला. काका आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पोत्यामागे हात घातला. तो हात माझ्या डोक्यावर पडला.

"बाप रे!"

"हलू नका! हातात काय आहे?"

हातात काही नव्हतं, कारण डबा माझ्या मांडीखाली होता. उघडला. आत बिस्किटं! चंदेरी कागदातली, क्रीमची, हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानातली. पाकिटावर लिहिलं होतं त्यावरून ती बिस्किटं मी आजवर केलेल्या सगळ्या प्रवासापेक्षा जास्त फिरून आली होती.

"काका," मी म्हटलं, "दारावर मावशीनं खडूनं काय लिहिलंय?"

"अगं, ते सुट्टीच्या जेवणासाठी लिहिलंय. हे सुट्टीच्या आधीचं आहे." मग आवाज खाली आला. "आयुष्यभर स्वतःचा पाव खातोय, ठिणगे. कधी तरी दुसऱ्याच्या हातचं खावंसं वाटतं. मावशीला नको सांगू."

"आणि चीज?"

"मला चीज आवडत नाही. तीस वर्षं वहिनींना सांगायची हिंमत झाली नाही."

एका तपासात दोन गुन्हे उघडकीला आले, पण आपला नाही. मी गप्प राहायचं कबूल केलं. पुरावा म्हणून तीन बिस्किटं जप्त केली. पुरावा नष्ट होऊ नये म्हणून लगेच खाल्ला.

शुक्रवारी पुन्हा वजन. दादा त्या दिवशी मोठ्या गडबडीत, कपड्यांचा ढीग त्यांच्या नाकापर्यंत. म्हणाले, "अगं आत्ताच भरून ठेवलीय, पेटवायची आहे, मला—"

"दादा, इथे एक घर मोडायला आलंय आणि तुम्हाला विजारींची पडलीय? पाच मिनिटं." दादा गप्प बसले. माझ्यासमोर बसतात सगळे.

या वेळी तीन कांदे कमी.

काकूचा चेहरा लालबुंद झाला. "तिला सांग, तीन वर्षांपूर्वी लोण्यावरून मला खोटी पाडली, आता चीजवरून पाडते आहे. गावात तोंड दाखवायला जागा ठेवायची नाहीये का म्हणावं?"

"त्यांना सांग," मावशीचा आवाज बारीक झाला होता, "मी कोठीत पाऊलसुद्धा टाकलं नाही. आणि घाबरत असतील तर ढेप घेऊन जा म्हणावं. मी चीजशिवाय जेवण करीन."

"तिला सांग, करच म्हणावं."

मी दोघींकडे बघितलं. मावशीनं पदराचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. काकू ढेपेवरचं फडकं सारखं करत होती, आधीच सारखं असलेलं. दोघींना ढेप न्यायची नव्हती की घालवायची नव्हती, आंधळ्यालाही दिसलं असतं.

"मी काही सांगणार नाही!" मी ओरडले. "ढेप इथेच राहणार. सुट्टीच्या आधी मी चोर पकडून देते. नाही दिला, तर... तर मी परत शाळेत जाईन!"

हे तोंडातून कसं निघालं, मला आजही कळलेलं नाही. काका आतून म्हणाले, "म्हणजे आता केस सुटली नाही तरी फायदाच."

मी फडकं भिंगाखाली घेतलं. आणि मिळालं! काठावर काळा ठसा. अंगठ्याचा. काजळीसारखा काळा. चोर काळ्या हाताचा होता!

काळे हात कोणाचे? मधमामांचे. मधमामा पलीकडच्या माळावर मधमाश्या पाळतात, आणि पोळं काढताना माश्यांना शांत करायला धूर करतात. त्यांच्याकडे एक डबडं असतं, त्यात धुमसता कोळसा, वर ओला पाला. त्यामुळे मामांची बोटं कायम काळी. शिवाय ते रोज खानावळीत येतात. शिवाय कोठीच्या दाराशी उभं राहून "कसं थंड वाटतं इथे" म्हणतात. निरपराध माणसाला कशाला थंड वाटायला हवं?

मी त्यांना बाकड्यावर गाठलं.

"मामा, बुधवारी पहाटे कुठे होता?"

"माळावर. माश्यांपाशी."

"साक्षीदार?"

"चाळीस हजार."

"त्या बोलतील?"

"विचारून बघ. पण फार जवळ नको जाऊस."

माझा तर्क तयार होता : मामा एकटे नाहीत, माश्याही सामील आहेत. कुलपाच्या भोकातून एकेक माशी आत, एकेक कण चीज घेऊन बाहेर. चाळीस हजार कण, तीन कांदे, हिशोब बरोबर. मी हे मामांना तोंडावर सांगितलं. मामांनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, "असं शिकल्या असत्या तर मी माळावर राहिलो असतो का गं? मोठ्या दुकानाशेजारी पेट्या ठेवल्या असत्या."

तरी मी त्यांच्यावर नजर ठेवली. पण सोमवारी जे झालं, त्यानं माझं सगळं संशोधन पाण्यात गेलं.

सोमवारी इस्त्री आणली. दादांची सुट्टी, कांदा कापणं चालू. ढेप चढवली, कांदे हातात तयार ठेवले. दांडी डुलली. डुलली आणि सरळ झाली. काटा मधोमध. एका पाकळीचाही फरक नाही.

तीन कांद्यांएवढं चीज परत आलं होतं.

"ही कसली चोरी?" काका म्हणाले.

मी खुर्चीत बसले. डोळे मिटले. मोठे गुप्तहेर असंच करतात, आणि शिवाय मला चक्कर आली होती. मग उठून जाहीर केलं, "चोराला पश्चात्ताप झालाय. त्यानं चोरलेलं चीज रात्री आणून ढेपेला चिकटवलं आणि वरून हात फिरवला. चोर मनानं चांगला आहे. चोर घरातलाच आहे. आणि चोर सफाईदार आहे."

"म्हणजे मी नाही," काका म्हणाले.

मावशी आणि काकू दोघी सरळ दांडीकडे बघत होत्या. काकू पुटपुटली, "माझं बरोबरच होतं." मावशी पुटपुटली, "मी कुठे चूक म्हटलं." हे मला उद्देशून नव्हतं. कोणालाच उद्देशून नव्हतं. पण हवेत तरी सोडलं होतं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा वाक्य माझ्याशिवाय खोलीच्या पलीकडे पोचलं. मला वाटलं, जमलं बुवा!

बुधवार उजाडला. उद्यावर सुट्टीचं जेवण. बाकडी धुतली होती, रसाच्या बाटल्या ओळीनं लावल्या होत्या, मळ्यातून बटाटे आले होते, अजून ओल्या मातीचे. शेवटचं वजन. मी इस्त्री आणली. दादा मागोमाग धावत आले, "या वेळी मी इथेच थांबतो, हिचा काही भरवसा नाही. लग्नाचे कपडे आहेत सहा जणांचे, लोक रात्रीच्या गाडीनं जाणार."

ढेप चढवली. आणि ढेपेचं पारडं वर. चार कांदे. मोजून मी ते परत बाजूला ठेवले.

 काकूनं पारड्यातून ढेप उचलली, छातीशी धरली, आणि दाराकडे वळली. मावशी चुलीपाशी उभी होती, हातात पळी नाही, झारा नाही, काही नाही. नुसती उभी. 

"थांब काकू!" मी दारात आडवी झाले. "चोर या खोलीतच आहे!"

खोलीत होते : मावशी, काकू, काका, दादा, आणि पोळं काढायला निघालेले मधमामा, त्यांचं डबडं काखेत. मावशीला उद्याच्या जेवणाला ताजं पोळं हवं होतं.

"ढेप पारड्यात ठेव. सगळ्यांनी हात पुढे करा. तळवे वर!"

काकूनं ढेप ठेवली, ती माझ्या रुबाबामुळे नाही, दारात मी होते म्हणून. सगळ्यांनी हात पुढे केले. मावशीचे हात बटाट्याच्या मातीचे. काकूचे दुधाचे. काकांचे पिठाचे, आणि एका नखाखाली क्रीम. मामांचे काळे.

"काळे!" मी बोट रोखलं. "मामा, ठसा तुमचा आहे!"

"तुझा अंगठा बघ," दादा म्हणाले.

"मधे बोलू नका दादा, साक्षीदाराला विचारल्याशिवाय—"

"अगं पण बघ तरी."

मी बघितला. काळा कुळकुळीत. पाच वेळा ती इस्त्री उचलून आणली होती मी. फडक्यावरचा ठसा माझा होता.

मी इतिहासातली पहिली गुप्तहेर असेन जिनं स्वतःवर पाळत ठेवायला हवी होती. काका इतके हसले की त्यांच्या मिशीतलं पीठ उडालं. माझं डोकं सणकलं. "हसा! हसा! माझाच ठसा असला तरी चीज मी नाही खाल्लेलं! चीज गेलंय कुठे, ते सांगा!"

"ते मला नाही माहीत," मधमामा म्हणाले. "मला माळावर जायचंय, ऊन चढलं की माश्या चिडतात. दादा, चार कोळसे घेऊ का रे? माझ्याकडचे संपलेत."

"घ्या की," दादा म्हणाले. "आत भरलेच आहेत."

मामा तराजूपाशी गेले. पितळी कोंबडा धरून त्यांनी पारड्यातल्या इस्त्रीचं झाकण उघडलं. इस्त्री काठोकाठ कोळशांनी भरलेली, पेटवायच्या तयारीत. मामांनी एक कोळसा उचलून डबड्यात टाकला. टण्.

दांडी हलली.

दुसरा कोळसा. टण्. ढेपेचं पारडं बोटभर खाली आलं.

 मामांचं तराजूकडे लक्षच नव्हतं. ते आपले निवडून निवडून मोठे कोळसे काढत होते, मंडईत वांगी निवडावीत तसे. चौथा. पाचवा. "जास्त होताहेत का रे?"

"काढ!" मावशी आणि काकू एकदम ओरडल्या. "सगळे काढ!"

मामा दचकले. त्यांनी पटापटा सगळे काढले, शेवटचा बारीक चुरासुद्धा. दांडी डुलली, डुलली, आणि थांबली. सरळ रेषेत. काटा मधोमध.

"तेच तर मी पहिल्या दिवसापासून सांगतोय!" दादा म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी इस्त्री रिकामी असते. कामाच्या दिवशी कोळसे भरलेले असतात. कपडे जास्त असले की कोळसे जास्त. ही ऐकतेय कुठे!"

लोखंड लाच खात नाही म्हणाले होते मी. कोळसे खातं, हे कोणाला माहीत होतं?

आता खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. मी बाकड्यावरचा एक बटाटा उचलून तो किती गोल आहे ते तपासलं.

मग मावशी बोलली. डोळे काट्यावरच ठेवून. "बरोबर होती ढेप. पहिल्यापासून."

सवयीनं माझी मान वळली. "काकू, मावशी म्हणतेय की—"

"ऐकू आलं मला," काकू म्हणाली. "बहिरी नाही मी. तू गप बस."

 काकूनं ढेपेवरचं फडकं सारखं केलं. मग तिनं तराजूच्या पारड्याखाली हात घातला, बोटांनी चाचपलं, आणि हात बाहेर काढला. स्वच्छ होता.

"कणीक नाहीये," ती म्हणाली. मावशीकडे बघून. सरळ. "त्या वेळी होती बरं का."

"त्या वेळी होती," मावशी म्हणाली. "नंतर घासून काढली मी. तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही बोलत कुठे होता?"

"मी बोलत नव्हते? तू बोलत नव्हतीस!"

"जाऊबाई, पाठ तुम्ही फिरवली होतीत!"

"पाठ नाही फिरवणार तर काय, तोंडावर सांगणार लोणी बरोबर होतं म्हणून? सांगितलं होतंच की!"

आणि सुरू झालं. काय भांडल्या! तीन वर्षांचा साठा. लोणी, तराजू, कोणाच्या बारशाला कोण आलं नाही, कोणाच्या आजारपणात कोणी माझ्या हाती गाजराचं सूप पाठवलं आणि ते कोणी केलंय हे न विचारता कोण प्यायलं. मधे कोणी नाही. वाक्यं थेट इकडून तिकडे. काकांनी चहा टाकला. दादांनी कोळसे परत मागितले, मामांनी अर्धे दिले. भांडता भांडता दोघी बटाटे सोलायला बसल्या, आणि बटाटे संपले तेव्हा भांडण कुठे संपलं होतं ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी खानावळ भरली. ताटात काकांचा गरम पाव, भाजलेले बटाटे, अळंबी, पालेभाजी, मधाचं पोळं, रस, आणि मधोमध ढेप. सुरी काकूच्या हातात. पहिला तुकडा तिनं काकांच्या ताटात वाढला. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. काकांनी खाल्लं.

"भावजी, कसंय?"

"वहिनी," काका गिळून म्हणाले, "असं चीज तीस वर्षांत खाल्लं नव्हतं."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

मी बसले होते मावशी आणि काकूच्या मधे. जुनी जागा. मावशीनं पावाची टोपली उचलली, आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "ठिणगे, त्यांना सांग, पाव घ्या म्हणावं."

काकू तितक्याच गंभीरपणे म्हणाली, "तिला सांग, लोणी असेल तर घेईन. वजन न करता दे म्हणावं."

दोघींच्या खांद्यांना हसू आवरत नव्हतं. माझ्या दोन्ही बाजूंना बाकडं हलत होतं.

मी ताट उचललं. उठले आणि पलीकडे दादांच्या शेजारी जाऊन बसले. मागे वळून बघितलं, तर मधली जागा शिल्लकच नव्हती. दोघी सरकल्या होत्या.

"मग?" दादा म्हणाले. "चोर तू पकडलाच नाहीस. शाळेचं काय?"

"चोर नव्हताच," मी म्हटलं. "नसलेला चोर पकडायचा कसा, ते पुस्तकाच्या मागे छापलं असलं तर जाते मी शाळेत." आणि त्यांच्या ताटातला चीजचा तुकडा उचलला. त्यांचा मोठा होता. डोळ्यांनीच कळलं मला, वजन करायची गरज पडली नाही.